तू बांधून दिलेलं साल

भागरता,

पाडवा झाला. तुले एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती आधीच सांगून टाकतो, कारण गोलगोल बोलणं मले जमत नाही हे तुले माहीत आहे. लहानू पाटलाकडे तू श्रावणच्या वर्षाच्या चाकरीचं जे साल बांधून दिलं होतं, ते मी तोडलं. तुझ्या हातानं बांधलेलं साल तुटलं, असं आजवर कधी झालं नव्हतं. आता झालं. मी केलं.

तुले राग येईल. येऊ दे. या वेळी मधात बोलायले तू नाही, म्हणून सगळं सांगता येईल. जिवंत होती तोवर माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही तू.

तुझ्या तेरवीले किती लोक आले म्हणून सांगू. दिघोरीचे आले, लाखांदूरकडचे आले, पार पवनीकडून आले. कोणी शेतवाला, कोणी त्याच्याच शेतावरचा सालगडी, एका ओळीत बसून जेवले. सगळ्यांच्या तोंडी एकच. "मायनं माह्या पोराले कामाले लावलं." "माय नसती तं मालकानं मले पावसाळ्यात हाकलून देल्लं असतं." मी भिंतीले टेकून बसलो होतो. येईल तो माझ्या पाया पडे आणि तुझं सांगे. मी नुसती मान हालवत राहिलो. मले वाटलं, ही बाई माझी बायको होती, की पाच गावांची मिळून कोणी होती?

सुमन तर सरळच बोलली. लेक तुझीच, तोंडही तुझंच. साकोलीहून आली, रडून झाली, मग भांडी घासता घासता म्हणाली, "आई सगळ्याइची होती, बाबा. मले उरलेली भेटली." मलेही तेवढीच भेटली होती.

तू हे काम कधी सुरू केलं, ते तुलेही आठवत नसेल. आधी रोवण्याची टोळी नेत होती. बाया गोळा करायच्या, कोणाच्या बांधीत, पाण्यानं भरलेल्या शेतात, उतरायचं ते ठरवायचं, धान रोवून झालं की दुसऱ्या बांधीत जायचं. मग शेतवाले म्हणू लागले, बाया चांगल्या आणता भागरताबाई, एखादा गडीही पाहून द्या. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एका माणसाले एका घरी बांधून द्यायचं. त्यानं तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं, बैलांजवळ झोपायचं. साल म्हणजे साल. मधात सोडून गेला तर त्याले पुन्हा कोणी उभं करत नाही, आणि मधात हाकललं तर त्या मालकाकडं कोणी गडी फिरकत नाही. अशा जागी तू मधात उभी राहिली. अंगणात दोघांनाही बसवायची, खोबऱ्याची वाटी फोडायची, एक तुकडा मालकाच्या हाती, एक गड्याच्या हाती. दोघांनी तुझ्यासमोर खाल्लं की साल बांधलं गेलं. कागद नाही, अंगठा नाही.

माणूस पाहायची तुझी रीत मले कधी समजली नाही. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की लोक जिलबी खात, बायका बांगड्या भरत, आणि तू माणसं पाहत हिंडायची. मी म्हणायचो, "चाल वो, नाटकाले जागा भेटनार नाई." तू म्हणायची, "जागा धरून ठेवा, मी येतेच." यायची कुठं? एखादा पोरगा दुसऱ्याचं लेकरू खांद्यावर घेऊन उभा दिसला की त्याच्या मागं मागं जायची, कोणाचा कोण ते विचारत. एकदा एका धिप्पाड पोराले तू नाही म्हटलं. मी विचारलं काहून, तर म्हणाली, "यानं जिलबी घेतली, आईले पुडी धरायले लावली अन् एकटाच खाऊन राहिला." तेवढ्यावर त्याचं साल गेलं.

आणि मालकाले तर तू काही विचारतच नव्हती. त्याच्या बायकोले विचारायची. "गड्याले जेवाले कुठं वाढता?" रांधणीत, ओसरीवर, का गोठ्यात? उत्तर आलं की तुझं ठरायचं. गोठ्यात म्हणणाऱ्या घरी तू कधीच माणूस दिला नाही. मोठमोठे पाटील तुझ्यापुढं चूप बसत आणि त्यांच्या बायका खाली पाहून सांगत, "वाढू ना, ओसरीवर वाढू."

हा प्रश्न तू कुठून आणला ते मले माहीत आहे, भागरता. तू कधी बोलली नाही, मीही बोललो नाही. आज बोलतो.

तेव्हा सुमन लहान होती. मी दीड एकर धान करायचो आणि बाकीचे दिवस लोकांच्या बाजा, खाटा विणायचो. तू पवनीकडच्या वामनरावाले गडी बांधून दिला होता. पाडव्याच्या दिवशी सकाळी तू चुलीपुढं बसली होती, मान वर केली नाही.

"वामनरावाचा गडी पळाला."

मी म्हटलं, "पळू दे. आपल्या बापाचं काय गेलं?"

"मी जबान देल्ली हाय."

"मंग दुसरा पाहा."

"पाह्यला."

"कोन?"

तू उठली, दोरीवरचा माझा सदरा काढला, घडी घातली आणि पिशवीत टाकला. तेव्हा मले समजलं, दुसरा कोण ते.

मी नाही म्हणू शकलो असतो. लोक मले आजही म्हणतात, बायकोनं नवऱ्याले गहाण ठेवलं. तसं नव्हतं. तू हात नाही जोडले, रडली नाही. तू फक्त दारात उभी राहिली आणि पिशवी पुढं केली. तुझ्या तोंडाकडं पाहिलं, तर तूही अडकली होती हे दिसत होतं. मी पिशवी घेतली.

वामनराव वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं, एक दिवस भांडून निघालो असतो. त्यानं कधी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. फक्त मी दिसत नव्हतो त्याले. त्याची बायको गोठ्याच्या उंबऱ्यावर भात ठेवून जायची, खाली न पाहता. कधी मांजर आधी यायची, कधी मी. मी दुसऱ्याच्या बैलांशी बोलायले शिकलो त्या साली.

मग आखाडात तू आली. वामनरावाच्या बांधीत, रोवण्याची टोळी घेऊन. मी चिखलणी करून राहिलो होतो, गुडघ्यापर्यंत चिखल, हाती कासरा. तू मले पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. बरं केलं, सगळ्या बाया पाहत होत्या. पण मले ते लागलं.

तुझ्या टोळीत बौद्ध मोहल्ल्यातल्याही बाया होत्या. अंजना होती, तिच्यासोबतच्या होत्या. एका ओळीत वाकून रोवत होत्या सगळ्या. दुपारी वामनरावाची बायको पाण्याचा घडा घेऊन आली. आपल्या मोहल्ल्यातल्या बायांना तिनं लोटा हातात दिला. अंजनाची पाळी आली तेव्हा लोटा वर धरून तिच्या ओंजळीत पाणी ओतू लागली. तू पाहिलं. हातातली परह्याची, धानाच्या कोवळ्या रोपांची पेंडी चिखलात टाकली.

"निघा वो बायाहो बांधीतून."

सगळ्या धुऱ्यावर, बांधीच्या काठावर येऊन बसल्या. तोवर वामनराव धावत आला. "काय झालं भागरताबाई? परे वाळून राहिले. उद्या उघाड पडली तं काय करू मी?"

"पानी द्या, मंग उतरतीन."

"पानी तं देऊन राहिले ना!"

"सारखं द्या."

तो बायकोकडं पाहे, बायको त्याच्याकडं पाहे. टोळीतल्या काही बाया कुजबुजल्याही, आपल्याले काय करायचं म्हणून. तू हाललीच नाही. धुऱ्यावर मांडी घालून बसली, जशी काही अंगणात बसली आहे. शेवटी त्या बाईनं लोटा अंजनाच्या हाती दिला. अंजना प्याली, उरलेलं पाणी तुझ्यापुढं केलं, आणि तू ते गटागटा पिऊन टाकलं. मग पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी चिखलात उतरली.

मले तेव्हा काय वाटलं ते आज सांगतो. छाती फुगली माझी. ही माझी बायको, असं सगळ्या बांधीले ओरडून सांगावं वाटलं. आणि त्याच घटकेले दुसरंही दिसलं. या बायांसाठी तू सगळी टोळी बाहेर काढली. तुझा नवरा तिथंच उभा होता, त्याचा भात मांजर खाऊन राहिली होती, आणि त्याच्यासाठी तुझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

संध्याकाळी तू विहिरीवर आली, पाय धुवायले. मी तिथं गेलो.

"घरी कधी येऊ?"

"पाडव्याले."

"आज आलो तं?"

"आज आले तं उद्या या बायाइले कोन बांधीत उतरू देईन? म्हणतीन, इचा नवराच पळते, इच्या मानसाइचा काय भरोसा."

"मी तुहा नवरा हावो, का तू लावलेला गडी?"

"हे सालभर गडी."

असं बोलली तू. तोंडावर. मग माझ्या पायांकडं पाहिलं. बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या, कातडी सोलून निघाली होती. "तेल लावा त्याले," म्हणाली. मी म्हटलं, "तेल कुठून आनू? बैलाले मागू?" तुले हसू आलं, पण तू ते पदराआड दाबलं आणि निघून गेली. पुढच्या बाजाराच्या दिवशी कोणीतरी गोठ्याच्या उंबऱ्यावर एरंडीच्या तेलाची बाटली ठेवून गेलं. कोण ते मी विचारलं नाही.

साल संपलं तेव्हा मले न्यायले तू स्वतः आली. एस.टी.त शेजारी बसली आणि सारा रस्ता खिडकीबाहेर पाहत राहिली. मले वाटलं, आता विचारशील, आता विचारशील, कसं होतं म्हणून. गाव आलं. तू उतरली. घरी येऊन भात रांधला, पोटभर वाढला, आणि दुसऱ्या दिवसापासून जसं काही झालंच नाही. मीही मनात धरून बसलो. ती विचारत नाही तर मी काहून सांगू?

पण पुढच्याच पाडव्याले, पहिला मालक अंगणात येऊन बसला, तेव्हा तू त्याच्या बायकोले विचारलं, "गड्याले जेवाले कुठं वाढता?" आणि दुसरं सांगितलं, की गडी दर आठवड्याले बाजाराच्या दिवशी संध्याकाळी आपल्या घरी जाईल, सकाळी परत येईल, हे कबूल असेल तरच खोबरं फोडते. त्याआधी असं कोणी ऐकलं नव्हतं. शेतवाले कुरकुरले. तू मागं सरली नाही. मी ओसरीवर बाज विणत होतो, माझे हात थांबले. तू माझ्याकडं पाहिलं नाही. पण मले समजलं, माझं साल तू वाया जाऊ दिलं नाही. तेव्हापासून किती गडी बाजाराच्या दिवशी आपल्या लेकरांजवळ जेवले असतील, देव जाणे. हे मी तुले कधी बोलून दाखवलं नाही. आज म्हणतो, तू ते चांगलं केलं.

पण मले जे लागलं होतं ते लागलेलंच राहिलं. दोन्ही खरं आहे.

आणि तूही काही मोकळी नव्हती, भागरता. मोकळी दिसायची फक्त. नाव वाढलं तसं दार बंद होईनासं झालं. लाखांदूरच्या रस्त्यावर राइस मिल निघाली, तर तिथूनही बोलावणं. बॉयलरवर कोण ठेवू, पोते उचलायले कोण ठेवू. तिथला एक शिकलेला मॅनेजर तुले म्हणाला, "बाई, मोठ्या कंपनीत या कामासाठी वेगळा साहेब असतो. त्याला खोली असते, पंखा असतो." तू म्हणाली, "पंखा कायले बाप्पा? मानूस पाह्यचा तं त्याचा घाम दिसला पायजे." तो हसला, तूही हसली, येताना मलेही हसून सांगितलं. पण सुमनच्या पहिल्या बाळंतपणाचा निरोप साकोलीहून आला, तेव्हा तू एका बांधीत टोळी घेऊन उभी होती. निघता येईना. निघाली असती तर शेतवाल्याचे परे वाळले असते, बाया हातच्या कामाले मुकल्या असत्या. तू पुन्हा वाकली आणि रोवत राहिली. मी धुऱ्यावर निरोप घेऊन उभा होतो. तुझं तोंड खाली होतं, कोणाले दिसलं नाही. मले दिसलं. तू साकोलीले गेली तेव्हा पोराचं नाव ठेवून झालं होतं.

आता श्रावणचं ऐक.

माघात तू बाजेवर पडली होती. उठवत नव्हतं, तरी लोक येतच होते. मी दार लावून घेतलं तर तू ओरडली, "कोन आलं? काहून लावलं दार?" लहानू पाटील दिघोरीहून श्रावणले घेऊन आला; श्रावण आपल्याच गावचा, त्याच्याकडे कितीक सालं राहिलेला. पाटील म्हणाला, याही साली हाच गडी पाहिजे. तुझ्या हातात खोबरं फोडायची ताकद नव्हती. मी फोडलं. तू दोघांच्या हाती दिलं. दोघांनी खाल्लं. तुझं ते शेवटचं साल.

तेरवी झाली आणि लगेच राइस मिलचा दिवाणजी सायकलवर आला. म्हणाला, "बाईंनी श्रावणसाठी कधीपासून सांगून ठेवलं होतं. आता जागा निघाली. पाडव्यापर्यंत पाठवा, नाहीतर मालक दुसरा ठेवेल." मिलवर महिन्याचा पगार, आणि रोज संध्याकाळी घर.

तू मले हे सांगितलंच नव्हतं. पाटलाकडेही तूच बांधला आणि मिलवरही तूच सांगून ठेवलं. तुले वाटलं असेल, मिलवाला काही एवढ्यात बोलावत नाही. आता त्याचंच बोलावणं आलं, आणि दोन्हीकडची तुझी जबान माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. तू असती तर काय केलं असतं ते मले पक्कं माहीत आहे. खोबरं खाल्लेलं मोठं. श्रावणले पाटलाकडे पाठवलं असतं आणि मिलवाल्याचे हात जोडले असते.

मी आधी तसंच करायले गेलो. मग वाटलं, पाटलाले दुसरा गडी पाहून द्यावा, म्हणजे दोन्हीकडची जबान राहील. घरोघरी हिंडलो. लोक बसायले देत, पाणी देत आणि म्हणत, "माय असती तं हो म्हटलं असतं, बाबा. तुमचं कसं?" बरोबर होतं त्यांचं. मी बाजा विणणारा माणूस, माझ्या शब्दावर कोण साल बांधून घेणार?

पाटील येऊन बसला. "बुवा, दुसरा गडी द्या, नाई तं श्रावण द्या. माह्या घरी कोनी नाई. पोरगा नागपुरात, तो बैलाजवळ जाले भेते."

"मी येतो," मी म्हटलं.

त्याले हसू आलं. "तुमी? माहे बैल तुमालेच वढून नेतीन."

"नेऊ दे."

"थट्टा नोका करू बुवा. बाई मेली, जबान मेली का? श्रावण नाई आला तं मी गावोगाव सांगीन, भागरताबाईची जबान तिच्यासोबतच जळाली."

पाटील खोटा नव्हता. त्याले खरंच माणूस पाहिजे होता, आणि तू दिला होता. मले त्याचा राग येईना, म्हणून अजूनच कोंडल्यासारखं झालं. सुमन म्हणे, बाबा, साकोलीले चला, सोडा हे सगळं. कसा सोडू? दार ओलांडलं की कोणी ना कोणी विचारे, श्रावणचं काय केलं?

पाडव्याच्या आदल्या दिवशी श्रावण आणि त्याची बायको कौसल आले. मी समजत होतो श्रावण सुटायले तडफडत असेल. तो तर पिशवी भरूनच आला होता, पाटलाकडे जायले.

"मायनं खोबरं देल्लं," तो म्हणाला. "मी नाई तोडत."

कौसल उभीच होती. "खोबरं यानं खाल्लं, साल भोगा लागते मले," म्हणाली. "हा घरी येते ते बाजाराच्या दिवशीच. लेकरू तापानं फनफनलं का मी एकटी. घरावरचं कवेलू फुटलं का मी एकटी. तिकडं पाटलाच्या बैलाले माशी बसली तं हा रातभर जागते."

"चूप राह्य," श्रावण म्हणाला.

"कायले चूप राहू? माय देव होती, मी नाई म्हणते का?" मग ती माझ्याकडं वळली. "बाबा, तुमी गेल्ते ना एक साल, वामनरावाकडं? कसं होतं?"

भागरता, हे मले कोणीच कधी विचारलं नव्हतं. तूसुद्धा.

आणि मी सांगत बसलो. तुले जे सांगितलं नाही ते तिले सांगितलं. गोठ्याच्या मागून डांबरी रस्ता जाये. संध्याकाळी एस.टी. यायची, थांबायची. कंडक्टरची घंटी ऐकू यायची. बैलाच्या गळ्यात दावं होतं, माझ्या गळ्यात तेही नव्हतं. दाराले कडी नव्हती. चार ढांगा टाकल्या असत्या तर बसमध्ये बसलो असतो. रोज मी उठून उभा राहायचो, आणि बस निघून गेली की खाली बसायचो. बैल माझ्याकडं पाहत. नुसतं कोणीतरी येऊन "जा" म्हटलं असतं, तर मी अनवाणी धावत सुटलो असतो. सालभर कोणी म्हटलं नाही. श्रावण खाली पाहून राहिला होता. त्याले हे सगळं आधीच माहीत होतं, हे त्याच्या मानेवरून दिसलं मले. त्यालेही बस दिसत असेल.

मी म्हटलं, "श्रावण, उद्या मिलवर जा."

"माय काय म्हणन?"

"माय माही बायको होती. तिचं मी पाहून घेईन."

तरी तो हालेना. मग मी उठलो, त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि कौसलच्या हाती दिली. "जा म्हणतो ना!" एवढ्या जोरानं ओरडलो की शेजारची बाई बाहेर आली.

त्याच संध्याकाळी पाटलाकडे मी स्वतः गेलो. निरोप पाठवला नाही. त्याच्या ओसरीवर उभा राहून सांगितलं, "श्रावण येणार नाही. बाईनं मोडलं नाही, मी मोडलं. बोलायचं ते मले बोला." तो पुष्कळ बोलला. मी ऐकून घेतलं. मग त्याले जे गावोगाव सांगायचं होतं, ते तो सांगत फिरला. माझं नाव नाही घेतलं त्यानं. तुझंच घेतलं. तुझं नाव मोठं होतं ना, पडलं की आवाज होते.

पाडव्याले आपलं अंगण सारवून ठेवलं होतं मी. दरसाल पाय ठेवायले जागा नसे. कोणी आलं नाही. दुपारून एकटी अंजना आली. आता तीही थकली, पण टोळीत अजून जाते. पायरीवर बसली.

"पाटील सांगत फिरून राह्यला, बुवा."

"आयकलं."

"आता मायच्या नावानं आमाले कोनी रोवण्याले बोलावनार नाई."

त्या बायांचा विचार मी केलाच नव्हता. पण तिनं माझ्याकडं रागानं पाहिलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आमी आमच्या नावानं जाऊ. कधी ना कधी जाचंच होतं." उठून गेली. किती जमेल त्यांना, मले माहीत नाही. शेतवाले आधी चार ठिकाणी विचारतील, मग बोलावतील. ते माझ्यामुळं.

दिवस कलला तेव्हा मिलचा भोंगा झाला. थोड्या वेळानं श्रावण रस्त्यानं येताना दिसला, डोक्यावर, भुवयांवर सगळा कोंडा. त्याचं घर आपल्या घराले लागून; त्याची लहान पोरगी आपल्या ओसरीसमोर खेळत होती. तिनं बापाले पाहिलं आणि तिथूनच आईले ओरडून विचारलं, "आई वो, आज बाजार हाय का?"

श्रावण रस्त्यातच थांबला. मग तिले उचललं आणि घरात गेला. थोड्या वेळानं त्यांच्या घरून भांड्यांचा आवाज आला, जेवायले बसल्याचा.

मी तो आवाज ऐकत बसलो, भागरता. तुझ्या नावाले मी कमीपणा आणला, ते खोटं नाही. इतकी सालं सांभाळलं ते तू, सुमनचं बाळंतपण सोडून सांभाळलं, मले गोठ्यात ठेवून सांभाळलं. एका पाडव्यात मी ते घालवलं. आणि मले पस्तावा होऊन राहिला नाही. रडायले मात्र आलं. इतकी भांडणं झाली आपली, पण या एका भांडणात मले तू समोर पाहिजे होती.

एवढं मात्र झालं. उद्यापासून आपल्या दारात कोणी तुझं नाव घेऊन उभं राहणार नाही. परे वाळून राहिले म्हणून कोणी हाक मारणार नाही. तू मले न विचारता बांधलं होतं. मी तुले न विचारता सोडवलं.

नीज आता.